दोन अब

आईचा फोन म्हणजे माझाच जुना,
कोपऱ्यात तडा गेलेला, चार्जरला रबर गुंडाळावं लागतं.
सुटीत दारव्ह्याहून शेवटच्या एसटीनं आले
आणि रात्री सहज शोधायच्या चौकटीत बोट ठेवलं,
तर खाली उलगडत गेली
तिनं विचारलेल्या प्रश्नांची रांग:

पारा पातळ आहे तर धातू कसा
पराठा पातळ आहे तर धातू कसा
वटवाघूळ अंडी देते का
भूकंपाच्या आधी कुत्रे का भुंकतात
अ अधिक ब चा वर्ग दोन अब कुठून आले

एकोणीस वर्षं ती शाळेत खिचडी शिजवते.
स्वयंपाकाची खोली सातवीच्या वर्गाला लागून,
मध्ये एक खिडकी, तिला काच कधीच नव्हती.
तांदूळ निवडता निवडता तिनं
उंबरकर मास्तरांचं विज्ञान ऐकलं, कडू मॅडमचं गणित.
पण नेमकी त्याच जागी डाळ उतू जायची
किंवा मधल्या सुटीची घंटा व्हायची,
आणि 'कारण' या शब्दानंतरचं सगळं
ताटल्यांच्या आवाजात बुडून जायचं.

पूर्वी मला विचारायची.
मी दहावीत असताना, कणकेच्या हातानं वहीवर वाकून:
"हे दोन अब कुठून आले वं?"
मी म्हटलं, सूत्र आहे, पाठच करायचं असतं,
तुले नाही समजणार.
ती परत गेली पोळपाटाशी.
मास्तरांना विचारायची तिला लाज,
कंपाउंडरला विचारावं तर तो आधी हसायचा, मग पारावर सांगायचा.
गावात विचारायला काहीतरी द्यावं लागायचं,
चहा, वेळ, थोडी खाली घातलेली मान.

आता ती तेलाच्या डब्याला टेकवून फोन उभा करते
आणि माझ्याशी कधी बोलली नाही त्या भाषेत बोलते.
"'काहून' म्हनलं का ते घुम्म रायते.
'का' म्हनलं का पटकन सांगते.
बाईसायबावानी बोला लागते त्याच्यासंग."
'मले' सोडून 'मला'. 'माह्या' सोडून 'माझ्या'.
मला टोचलं ते.
ती मात्र हसत होती.

"अन् गंमत सांगू?
त्याले नाही समजलं का ते म्हनते, माफ करा, मला समजलं नाही.
त्याले समजत नाही अन् तेच माफी मांगते, पोरी!
आजलोक मले नाही समजलं, त मीच माफी मांगो."

मी फोन पालथा ठेवला.

सगळंच खरं सांगतं असंही नाही.
एकदा म्हणे हळदीनं मोतीबिंदू जातो,
तर ही त्यालाच म्हणाली, "चाल, हट!"
आणि आजीला सकाळच्या गाडीनं यवतमाळला नेलं.

दुसऱ्या दिवशी पाटवड्या थापल्या तिनं.
ताटाच्या गोल कडा सुरीनं छाटून आधी चौकोन केला,
मग एक उभा काप, मधोमध नाही, जरा उजवीकडे,
एक आडवा, तितकाच खाली.
"हा मोठा चौकोन अ चा. हा लहानसा, कोपऱ्यातला, ब चा.
आता हे दोन पाह्य, लांबट, सारकेच.
सांग, हे कोनाचे?"

दहावीला गणितात मला एक्क्याऐंशी होते.
सूत्र अजूनही झोपेत म्हणून दाखवीन.
पण ते दोन तुकडे मी पहिल्यांदाच पाहत होते,
वर खोबरं, खसखस,
एका अंगाला अ, दुसऱ्या अंगाला ब,
इतकी वर्षं आमच्याच ताटात.

"पाहून काय रायली? खाय."

एक अब मी खाल्ला.
दुसरा तिनं वाटीखाली झाकला,
बाबा उशिरा येणार होते.